अंधाऱ्या चर्चमधलं लग्न आणि आपला फ्लॅश

मंगल कार्यालयात फ्लॅशचं डोकं छताकडे वळवायचं, टीटीएलवर (फ्लॅश किती मारायचा ते कॅमेराच मोजून ठरवतो, तो मोड) टाकायचं आणि दिवसभर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, ही आपल्यापैकी बहुतेकांची सवय. दहा-अकरा फुटांवर पांढरं पीओपी असतं. उजेड वर जाऊन मऊ होऊन खाली येतो, चेहरे बरे दिसतात, पार्टी खूश. तीच सवय घेऊन नागपुरात सदरमधल्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये शिरलात की पहिल्या दोन-चार फोटोंतच घोडं अडतं. छत तीस-चाळीस फुटांवर, तेही गडद लाकडाचं. फ्लॅश फुल पॉवरने भडकतो, सेल तापतात, आणि नवरीच्या चेहऱ्यावर काहीच पोचत नाही.

हिशेब करून बघा. छत बारा मीटरवर आहे, तुमचा कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. उजेड वर जाऊन परत खाली यायला साधारण एकवीस मीटर चालतो. जोडपं तुमच्यापासून चार मीटरवर उभं असेल तर सरळ मारलेला फ्लॅश चारच मीटर चालतो. अंतर सव्वापाच पट वाढलं, आणि उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस पट कमी. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट, तसे जवळजवळ पाच स्टॉप फक्त प्रवासात गेले. वर लाकूड किती गिळतं ते वेगळंच. कुठलाही कॅमेऱ्यावरचा फ्लॅश एवढी घट दिवसभर भरून काढू शकत नाही. भरून काढायची गरजही नाही. चर्च उजळायचं काम चर्चच्या दिव्यांकडे द्या, फ्लॅशकडे फक्त चेहरे ठेवा. पुढचं सगळं याच एका वाटणीवर चालतं.

आदल्या दिवशी, त्याच वेळी

चर्च आधी बघून या, आणि लग्नाची जी वेळ आहे त्याच वेळेला जा. सकाळी अकराला बघितलेलं चर्च आणि संध्याकाळी पाचचं चर्च यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. आपल्याकडे डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. चारचं लग्न असेल तर नवरी आत येताना पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन येत असतं आणि नोंदवहीवर सह्या होईपर्यंत त्याच खिडक्या काळ्या पडलेल्या असतात. रंगीत काचांचा फोटो घ्यायचा तर तो आधीच, उजेड असताना घेऊन ठेवायचा. ख्रिस्ती विवाहाच्या १८७२ च्या कायद्यात विधीची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी दिलेली आहे, काही अपवाद सोडून. त्यामुळे लॉनवरच्या लग्नासारखा रात्री अकराचा मुहूर्त इथे नसतो, पण हिवाळ्यात पाचचं लग्न म्हणजे अर्धं लग्न अंधारातच.

हंगामही समजून घ्या. कॅथलिक घरांत आगमनकाळात, म्हणजे नाताळाच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात, आणि उपवासकाळात लग्नं सहसा ठेवत नाहीत. त्यामुळे काम येतं ते नाताळ झाल्यावर जानेवारीत, नाहीतर ईस्टर झाल्यावर ऐन एप्रिल-मेच्या रखरखाटात. जानेवारीत वेदीजवळ गव्हाण मांडलेली, चांदण्या आणि लुकलुकत्या माळा लागलेल्या असतात. मे महिन्यात दाराशी दोन मोठे कूलर घरघरत असतात आणि नवरदेवाच्या काळ्या सुटातून घाम ठिबकत असतो. कपाळावरच्या घामावर सरळ फ्लॅश पडला की पांढरा डाग येतो, तो एडिटिंगमध्ये काढता काढता जीव जातो. मी बॅगेत टिश्यूचं पाकीट ठेवतो आणि नवरदेवाच्या बेस्टमनच्या खिशात आधीच कोंबून देतो.

बघायला गेलात की वर बघा, मग भिंती बघा. भिंतीचा रंग कोणता? पांढरा किंवा क्रीम असेल तर उत्तम. पिस्ता किंवा आकाशी डिस्टेंपर असेल तर त्या भिंतीवरून आणलेला उजेडही पिस्ताच येणार, आणि नवरी आजारी दिसणार. जुन्या चर्चच्या भिंतींवर कुणाकुणाच्या स्मरणार्थ लावलेल्या पितळी आणि संगमरवरी पाट्या असतात. त्या कुठे आहेत ते लक्षात ठेवा, कारण त्या फ्लॅश तुमच्याच लेन्समध्ये परत फेकतात. खांब किती आणि वेदीपासून किती अंतरावर, तेही मोजा. मी पावलांनीच मोजतो.

आणि पंखे. याबद्दल कुणी सांगत नाही. उंच छतावरून लांब दांड्यांवर सोडलेले पंखे बहुतेक चर्चमध्ये असतात. फ्लॅश वर मारला तर कधी तो पंख्याच्या पात्याला लागतो, कधी दोन पात्यांमधून निसटतो. एकाच सेटिंगवर काढलेल्या लागोपाठच्या दोन फोटोंत उजेड वेगळा येतो आणि तुम्ही फ्लॅशला शिव्या घालत बसता. स्टँडवरचा फ्लॅश पंख्याच्या वर गेला तर मागच्या भिंतीवर पात्याची काळी सावली पडते, जणू कुणी तलवार घेऊन उभं आहे. म्हणून स्टँड नेहमी पंख्याच्या खाली.

फादरशी बोलणं

घरच्यांनी "तुम्ही काढा हो बिनधास्त" म्हटलं तरी चर्चमधली परवानगी फादरची, किंवा प्रोटेस्टंट चर्च असेल तर पाळकसाहेबांची. लग्नाच्या दिवशी दारात गाठून विचारू नका, तेव्हा त्यांना हजार कामं असतात. आदल्या दिवशी जा, आणि "फ्लॅश चालेल का?" असा मोघम प्रश्न विचारू नका. मोघम प्रश्नाला "नको" हेच सोपं उत्तर असतं. मी नेमकं विचारतो.

"फादर, नवरी आत येताना, अंगठी घालताना आणि सह्या करताना फ्लॅश मारू का? वाचन, प्रवचन आणि मिस्साच्या अर्पणाच्या वेळी मी फ्लॅश बंद ठेवतो. वेदीच्या पायऱ्यांवर चढत नाही."

असं विचारलं की समोरच्याला कळतं, याला विधी माहीत आहे. बहुतेक वेळा फादर स्वतःच एखादी सवलत वाढवून देतात, "शपथेच्या वेळीही दोन-तीन घ्या, पण समोर येऊन उभे राहू नका." काही चर्चमध्ये मात्र विधीभर फ्लॅश पूर्ण बंद असतो. तसं असेल तर वाद घालायचा नाही. १.८ ची प्राइम लेन्स (झूम नसलेली, जास्त उजेड आत घेणारी) लावायची, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, ६४०० वर न्यायचा आणि फ्लॅशची सगळी हौस सह्या आणि ग्रुप फोटोंसाठी राखून ठेवायची.

विधीचा क्रम कागदावर मागून घ्या. मराठी चर्चमध्ये गीत कुठे, प्रार्थना कुठे हे कळलं की कधी सगळे डोळे मिटणार तेही कळतं. डोळे मिटलेल्या प्रार्थनेत फ्लॅश मारला तर पापण्यांतूनही तो सगळ्यांना जाणवतो, आणि मग पुढचा तासभर सगळ्या आत्याबाई तुमच्याकडे रोखून बघतात. मल्याळी कुटुंब असेल तर मिन्नू (मंगळसूत्रासारखं छोटं पदक) बांधतात आणि मंत्रकोडी साडी डोक्यावर ठेवतात. तिथे फोटो हातांचा आणि मानेचा असतो, त्यामुळे कोणत्या बाजूने उभं राहायचं ते आधी ठरवावं लागतं. मराठी घरांत नवरी गाउनमध्ये असेल की पांढऱ्या जरीच्या साडीत, हेही विचारून ठेवा. उजेडाच्या दृष्टीने या दोन वेगळ्याच गोष्टी आहेत.

आधी चर्च, मग चेहरा

फ्लॅश बंद करा. कॅमेरा मॅन्युअल मोडवर. एफ/२.८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा लहान तितका उजेड जास्त), शटर १/१०० सेकंद, आणि आयएसओ १६०० पासून सुरुवात करून रिकाम्या वेदीचा फोटो काढा. वेदी, फुलं, मेणबत्त्या नीट दिसल्या पाहिजेत, पण एकूण फोटो एक स्टॉपने काळसर हवा. फारच काळा असेल तर आयएसओ ३२०० करा. बस, हे झालं चर्चचं एक्स्पोजर. आता दिवे बदलेपर्यंत याला हात लावायचा नाही.

एक स्टॉप काळसर का? कारण चर्च आधीच पूर्ण उजळ आलं तर फ्लॅशला काही कामच उरत नाही, आणि फ्लॅश मारलात तर चेहरे जास्त उडतात, म्हणजे पांढरेफटक पडतात. फार काळं ठेवलं, तीन-चार स्टॉप, तर मागचं सगळं चर्च गडप होतं आणि जोडपं आधार कार्डावरच्या फोटोसारखं पुढे चिकटवल्यागत दिसतं. नागपुरातल्या जुन्या लग्नाच्या अल्बममध्ये चर्चचे असे फोटो ढिगाने सापडतील. लख्ख पांढरे चेहरे आणि मागे अमावस्या. मागे चर्च होतं की गोडाऊन, कळतच नाही.

ॲपर्चर प्रायॉरिटीवर, म्हणजे शटर कॅमेराच ठरवतो त्या मोडवर, फ्लॅश लावू नका. काही कॅमेरे त्या मोडमध्ये चर्चच्या अंधाराचा हिशेब करून शटर थेट १/८ वर नेतात, काही १/६० वर अडकवून ठेवतात. दोन्ही वेळा ठरवतो कॅमेरा, निस्तरता तुम्ही.

शटर १/१०० च का, यालाही कारण आहे. आपली वीज ५० हर्ट्झची. स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण १/२०० वर फोटोत आडवे पट्टे दिसू शकतात किंवा एक फोटो पिवळा आणि दुसरा काळपट येतो. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत लुकलुकीचं पूर्ण आवर्तन येतं आणि पट्टे जातात. मिररलेसवर आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावायचा मोह होतो, पण बहुतेक कॅमेऱ्यांत त्या शटरवर फ्लॅश पेटतच नाही, आणि वर पट्ट्यांचा त्रास दुप्पट. फ्लॅश वापरायचा असेल तेव्हा मेकॅनिकल शटर.

कॅमेऱ्यावर एकच फ्लॅश असेल तर

बहुतेकांकडे एकच असतो, म्हणून आधी तेच.

बाजूला सात-आठ फुटांवर पांढरी भिंत असेल तर डोकं त्या भिंतीकडे वळवा, किंचित मागे. चेहऱ्यावर बाजूने मोठा मऊ उजेड येतो, जणू खिडकीच. फ्लॅशच्या एका बाजूला काळ्या फोमचा तुकडा रबरबँडने लावा, म्हणजे फ्लॅश सरळ कुणाच्या डोळ्यांत जात नाही. सीताबर्डीवर स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रोजेक्टसाठी मिळते ती काळी फोमशीट पुरते. पंधरा सेंटिमीटर रुंद पट्टी कापायची, झालं.

पांढरा प्लॅस्टिकचा डबा, ज्याला सगळे डिफ्युझर म्हणतात, तो चर्चमध्ये घरी ठेवून या. तो उजेड चहूकडे उधळतो. खोलीत त्यातला बराचसा भिंतींवरून परत येतो म्हणून मऊ दिसतो. चर्चमध्ये परत यायला काही नसतंच. अर्धी पॉवर छताला वाहिली आणि चेहऱ्यावर आला तो उजेड तितकाच कडक. तरी दर सीझनला नवीन पोरं तो डबा लावून येतात आणि सेल संपले म्हणून माझ्याकडे मागतात.

मधल्या वाटेवर उभे असाल, दोन्हीकडे बाकं आणि भिंत दूर, तर सरळ फ्लॅश मारा. हो, सरळ. चर्चचं एक्स्पोजर नीट लावलेलं असेल तर सरळ फ्लॅश वाईट दिसत नाही, कारण चेहऱ्यावर अर्धा उजेड चर्चचा असतोच. टीटीएलवर ठेवा आणि फ्लॅशचं कॉम्पेन्सेशन (टीटीएलने ठरवलेला उजेड कमीजास्त करायची सोय, स्टॉपमध्ये) उणे एकच्या आसपास न्या. चेहऱ्यावर नुसती झिलई आली पाहिजे. फोटो बघणाऱ्याला फ्लॅश मारला होता की नाही याची शंका राहिली तर जमलं समजा. पण त्यामुळे एक गंमत होते. नवरीच्या मावशी मागून येऊन विचारतात, "भाऊ, फ्लॅश मारूनच नाही राहिले का जी तुम्ही?" त्यांना स्क्रीनवर एक फोटो दाखवा, समाधान होतं.

पांढऱ्या गाउनची खोड इथे समजून घ्या. टीटीएल समोरून परतणारा उजेड मोजतो. फ्रेममध्ये पांढरा गाउन जास्त असेल तर त्याला वाटतं उजेड भरपूर झाला आणि तो फ्लॅश आवरता घेतो. गाउन राखाडी, चेहरा काळा. काळ्या सुटातले चार मित्र फ्रेममध्ये आले की उलट, चेहरे उडतात. म्हणून नवरी एकटी असेल तेव्हा कॉम्पेन्सेशन शून्याकडे किंवा थोडं अधिकात, आणि नवरदेवाकडच्या घोळक्याला उणे दीडपर्यंत. जरीच्या साडीचं तंत्र आणखी वेगळं. जरीवर सरळ फ्लॅश पडला की ती तो आरशासारखा परत फेकते. तिथे एक पाऊल बाजूला सरकून तिरपं उभं राहिलं की अर्धं काम होतं.

चेहऱ्यावर नेटचा व्हेल ओढलेला असेल तर फ्लॅश जवळजवळ बंदच ठेवा. समोरून मारलेला उजेड आधी नेटवर पडून पांढरा पडदा तयार करतो आणि मागचा चेहरा धुरकट होतो. तेवढा वेळ आयएसओ वाढवून चर्चच्या उजेडावर काढा. व्हेल मागे टाकला की परत या.

खांबांवर दोन फ्लॅश

परवानगी असेल आणि दोन जादा फ्लॅश असतील तर खरं काम इथून सुरू होतं. वेदीच्या पुढच्या खांबांच्या आड, डावीकडे एक, उजवीकडे एक, साडेसात-आठ फूट उंचीवर, जोडपं उभं राहतं त्या जागेकडे तिरपे. वर बिनतारी ट्रिगर, कॅमेऱ्यावर त्याला इशारा देणारा ट्रान्समीटर. स्टँड मधल्या वाटेवर किंवा बाकांच्या तोंडाशी ठेवू नका. मिरवणूक तिथूनच जाते आणि फ्लॉवर गर्ल धावत येते ती स्टँडच्याच दिशेने. प्रत्येक स्टँडच्या पायाला दोन लिटर पाण्याची बाटली बांधा. मुख्य म्हणजे चर्चच्या सेवकाला दाखवून मगच लावा. कूलरचा प्लग, माइकची वायर, गायकमंडळाची जागा हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. "इथं नको लावू बेटा, इथं ऑर्गनवाला बसते" हे तुम्हाला दुसरं कुणी सांगणार नाही.

पॉवर किती? लोक घाबरून फुल पॉवर लावतात. फ्लॅशच्या पेटीवर गाइड नंबर (फ्लॅशचा जोर: अंतर गुणिले एफचा आकडा) ६० लिहिलेला असतो, पण तो २०० मिमी झूमचा. ३५ मिमी झूमला साधारण ३६ धरा, आयएसओ १०० ला, मीटरमध्ये. आता खांबापासून जोडपं सहा मीटरवर आहे. एफ/२.८ गुणिले सहा म्हणजे १६.८. आयएसओ १६०० वर गाइड नंबर चौपट होतो, म्हणून १६.८ ला चारने भागायचं: ४.२. छत्तीसला ४.२ ने भागलं तर साडेआठ, त्याचा वर्ग बहात्तरच्या आसपास. म्हणजे फुल पॉवरचा बहात्तरावा भाग पुरतो, फ्लॅशवर १/६४. पांढरी छत्री किंवा छोटा सॉफ्टबॉक्स लावला तर दोन स्टॉप खातो, म्हणून १/१६.

१/१६ वर फ्लॅश लगेच भरतो, तापत नाही, आणि चार सेलांवर अख्खं लग्न निघतं. मे महिन्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा. आपल्या उन्हाळ्यात फुल पॉवरने लागोपाठ मारत राहिलात तर फ्लॅश स्वतःला वाचवायला बंद पडतो, आणि तो नेमका अंगठीच्या वेळी पडतो. सेल चांगले रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड (NiMH) घ्या, साधे अल्कलाइन लवकर दमतात. फ्लॅश डिकीत ठेवून गाडी दुपारभर उन्हात उभी करू नका.

खांबावरचे फ्लॅश मॅन्युअलवर ठेवा, टीटीएलवर नको. जोडपं एका जागी उभं आहे, फ्लॅश एका जागी आहे, अंतर बदलतच नाही. मग दर फोटोला नवा हिशेब कशाला? एकदा लावलं की गाउन पांढरा असो की सूट काळा, उजेड तोच येतो. एक बाजू मुख्य ठेवा आणि दुसरी एक स्टॉप कमी, म्हणजे नाकडोळ्यांना घाट राहतो. दोन्ही सारखे ठेवले तर चेहरा सपाट येतो. ग्रुप फोटोला मात्र सारखेच करा.

मिरवणुकीचं याच्या उलट. नवरी वडिलांच्या हाताला धरून दारापासून तुमच्याकडे चालत येते, अंतर पावलागणिक घटतं. तिथे कॅमेऱ्यावरचा फ्लॅश टीटीएलवरच हवा. सतत फोकस चालू ठेवा आणि उलटं चालताना मागे कोण आहे ते सहायकाला बघायला सांगा. १/१०० वर चालणाऱ्या माणसाच्या कडेला कधीकधी पुसट छाया येते. दिवे पट्टे देत नसतील तर तेवढ्या मिनिटाला शटर १/१६० करा आणि झाल्यावर परत आणा. मिरवणुकीत सगळे नवरीकडे बघतात, पण मला वडिलांचा चेहरा हवा असतो, म्हणून फोकस एक-दोनदा मुद्दाम त्यांच्यावर नेतो. ते बहुतेक वेळा समोर न बघता पायाखाली बघत असतात, गाउनवर पाय पडू नये म्हणून.

केशरी कागद

वेदीवर पिवळे दिवे, बाकांवर पांढऱ्या एलईडी ट्यूब आणि तुमचा फ्लॅश दुपारच्या उन्हाच्या रंगाचा, साधारण ५६०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका रंग केशरी). तिन्ही एका फोटोत आले की चेहरा निळसर आणि मागची वेदी भगवी दिसते. उपाय म्हणजे फ्लॅशच्या तोंडावर केशरी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद. पूर्ण केशरी जेल फ्लॅशला ३२०० केल्विनच्या आसपास आणतं आणि अर्ध्या स्टॉपहून थोडा जास्त उजेड खातं. मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची रंगाची सेटिंग, तीही ३२०० वर ठेवा. चेहरा आणि वेदी एका रंगात येतात.

पण डोळे झाकून केशरी लावू नका. गेल्या काही वर्षांत बऱ्याच चर्चनी पिवळे बल्ब काढून पांढरे एलईडी बसवलेत, तिथे केशरी जेल लावलं तर नवरी हळद लावल्यासारखी दिसेल. आदल्या दिवशी व्हाइट बॅलन्स सूर्यप्रकाशावर ठेवून एक फोटो काढा आणि वेदी कशी दिसते ते बघा. केशरी दिसली तर पूर्ण जेल, जराशी पिवळट दिसली तर अर्धं, पांढरी दिसली तर काहीच नको. दोन रंगांचे दिवे असतील तर वेदीचं ऐका, कारण जवळपास सगळ्या महत्त्वाच्या फोटोंत जोडप्याच्या मागे वेदीच असते.

व्हिडिओवाल्या भावाशीही आधीच बोलून घ्या. तो कॅमेऱ्यावरचा एलईडी पॅनेल लावून समोर उभा राहिला तर तुमचा सगळा हिशेब मोडतो, आणि तुमच्या फ्लॅशने त्याच्या व्हिडिओत पांढरे झटके येतात. मी सांगतो, शपथेपर्यंत तू लाइट बंद ठेव, अंगठीच्या वेळी मी मोजकेच फ्लॅश मारतो. बहुतेक जण ऐकतात. एखादा ऐकत नाही, मग त्याच्या पॅनेलचा रंग माझ्या जेलला जुळवून घ्यायला सांगतो. आजकाल पॅनेलवर तशी चकती असते.

सह्या आणि ग्रुप

सह्या काही चर्चमध्ये वेदीजवळच्या टेबलावर होतात, काही ठिकाणी बाजूच्या छोट्या खोलीत. त्या खोलीत गेलात की तुमचं जुनं शस्त्र परत चालतं. छत बुटकं, पांढरं, भिंती जवळ. डोकं वर, टीटीएल, जेल काढलेलं, कारण त्या खोलीत बहुधा पांढरी ट्यूब असते. साक्षीदार चष्मा लावून वाकलेले असतात. फ्लॅश वरून मागच्या बाजूला मारा म्हणजे चष्म्यात चमक येत नाही. नोंदवहीचं पान मात्र जवळून काढू नका, त्यात लोकांचे पत्ते, वडिलांची नावं, वयं असतात. पेन, हात आणि अंगठी पुरे.

ग्रुप फोटो वेदीच्या पायऱ्यांवर. आता पंचवीस माणसं तीन रांगांत आहेत, एफ/२.८ वर मागची रांग धूसर येणार. एफ/५.६ करा. त्याने दोन स्टॉप उजेड गेला, म्हणून आयएसओ ३२०० आणि शटर १/५०: चर्च जसं होतं तसंच राहिलं. सगळे उभेच असतात, १/५० चालतं, आणि पट्ट्यांचीही भीती नाही. फ्लॅशवर शटरचा परिणाम होत नाही, त्यामुळे तिथे एक स्टॉप कमी पडतो: १/१६ चं १/८ करा. दोन्ही फ्लॅश थोडे मागे घ्या म्हणजे कडेची माणसं जास्त उजळत नाहीत, आणि मागे घेतल्यावर एक फोटो बघून पॉवर थोडी वाढवा. यादी आधी करून ठेवा: आधी म्हातारी माणसं, मग दोन्ही घरं, मग मित्र. आजींना पायऱ्यांवर चढवू नका, खुर्ची खाली मांडा आणि बाकीच्यांना त्यांच्या मागे उभं करा. सेवक दिवे बंद करायला येऊन उभा राहतो, त्याच्याआधी संपवा.

मग सगळे कामठी रोड किंवा काटोल रोडच्या लॉनकडे निघतात. निघण्याआधी दोन्ही खांबांवरचे स्टँड आणि बाटल्या उचला. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स आणि आयएसओ परत लावा, फ्लॅशवरचं केशरी काढा. ट्रिगरचा चॅनेलही बदला. लॉनवर शेजारच्या मांडवातल्या कुणाच्यातरी ट्रान्समीटरवर तुमचा फ्लॅश पेटत राहिला तर केक कापायच्या आत सेल रिकामे होतील.